हिब्रू नावांचं रोमन स्पेलिंग : कॅटलॉगिंग करताना या चुका टाळा

‘खाईम’ हे नाव ‘सीएच’ने शोधलं तर काही पुस्तकं मिळतात, ‘एच’ने शोधलं तर वेगळीच, आणि वाचकाला हवं असलेलं पुस्तक कपाटात असूनही दोन्हीकडे सापडत नाही. हिब्रूत एरवी स्वरचिन्हं लिहीत नाहीत, आणि या नावातल्या पहिल्या ‘खेत’ या हिब्रू अक्षराला रोमन लिपीत नेमका जोडीदार नाही. म्हणून कुणी ‘सीएच’ लिहितं, कुणी ‘एच’, तर कुणी ‘एच’खाली टिंब देतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘फाइंड अँड रिप्लेस’ मारून सगळे खाईम एकसारखे करणं. मी काम केलेल्या एका ग्रंथालयात हे झालं होतं. ते निस्तरायला आम्हाला कित्येक आठवडे लागले. इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष खाईम वाइझमन ‘सीएच’ने ओळखले जातात, कवी खाईम नाखमान ब्यालिक बहुधा ‘एच’ने. हिब्रूत दोघांचं नाव अगदी एकच. तिसरे आपल्याकडचे : कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर. १९३७ साली तेल अवीवला छापलेल्या त्यांच्या पुस्तकावर नाव आहे एच, ए, दोन ई, एम असं. कोकणातल्या ज्यू घरात ते नाव कसं उच्चारलं जाई, ते या पाच अक्षरांत ऐकू येतं. ते ‘सुधारायचा’ आपल्याला काहीही अधिकार नाही. माणूस ज्या रूपाने ओळखला जातो ते हेडिंग, म्हणजे कॅटलॉगमधलं मुख्य नाव, मार्क नोंदीच्या १०० या रकान्यात ठेवा आणि बाकीची सगळी रूपं ऑथॉरिटी रेकॉर्डच्या, म्हणजे त्या नावाच्या स्वतंत्र नोंदीच्या, ४०० या रकान्यात भरा. ४०० भरायचा कंटाळा करू नका, वाचक तिथूनच आत येतो.

दुसरा घोळ मुखपृष्ठावरून होतो. हिब्रू पुस्तकावरचं आमोस ओझ या इस्रायली लेखकाचं नाव एएलए-एलसी या ग्रंथालयांच्या लिप्यंतर तक्त्याप्रमाणे रोमनमध्ये उतरवलं, की दोन्ही शब्दांआधी ‘आयिन’ या हिब्रू अक्षराचं चिन्ह येतं. पुस्तकावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवायच्या २४५ या रकान्यात ते हवंच. पण तेच रूप उचलून १०० मध्ये टाकलं की एका लेखकाचे दोन लेखक होतात. हेडिंगसाठी आधी व्हीआयएएफ ही अनेक ग्रंथालयांच्या ऑथॉरिटी रेकॉर्डांची एकत्रित ऑनलाइन यादी उघडा. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं हिब्रू रूपही तिथे दिसतं. मूळ अक्षरं पाहिल्याशिवाय दोन नावं एक आहेत की नाहीत हे ठरवू नका.

‘बेन’चंही तसंच. बेन-गुरियन हे जोडरेघेचं आडनाव, ते ‘बी’खालीच जातं. पण मध्ययुगीन ज्यू विद्वान मोशे बेन मायमोन म्हणजे मायमोनचा मुलगा मोशे. ते मायमोनिडीस म्हणून ओळखले जातात, ज्यू परंपरेत ‘रामबाम’ म्हणून. तिथे ‘बेन’ आडनाव नव्हे.

सगळं नीट भरूनही नाव सापडत नसेल, तर चिन्हं तपासा. ‘आयिन’चा युनिकोड क्रमांक ०२बीबी आहे, घाईत मात्र कीबोर्डवरचा साधा अपॉस्ट्रॉफी पडतो. टिंबाचा ‘एच’ही दोन तऱ्हेने साठवला जातो : एकच अक्षर म्हणून, किंवा ‘एच’ अधिक सुटं टिंब. डोळ्याला फरक दिसत नाही, काही सर्च इंजिनांना दिसतो. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी ऑथॉरिटी आपोआप तयार करण्याची सोय चालू असेल तर अशा प्रत्येक फरकागणिक नवं रेकॉर्ड उभं राहू शकतं. आयात करण्याआधी ती बंद करा.

बेने इस्रायल संग्रहात आणखी जपावं लागतं. मुंबईत १७९६ साली सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. इझिकिएलचं हिब्रू रूप यखेझकेल. ही सगळी रूपं ४०० मध्ये हवीत. पण प्रत्येक सामाजी हसाजी म्हणजे हेच दिवेकर असं धरू नका. गावावरून आलेलं आडनाव आणि साल दोन्ही जुळल्याशिवाय रेकॉर्ड एकत्र करू नका. दोन वेगळी रेकॉर्डं पुढे कधीही जोडता येतात. चुकून जोडलेली सोडवायला मात्र एकेक पुस्तक कपाटातून काढून त्याचं पहिलं पान पुन्हा बघावं लागतं.