सवय अडकवायला खुंटी लागते

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या जुन्या घरात सोप्याच्या भिंतीला सागवानी खुंट्यांची रांग होती. पहिलीला मामंजींची टोपी, दुसरीला दुधाची किटली, तिसरीला बाजाराची पिशवी. दूध आणायचं कोणी कधी विसरलं नाही. टोपीसाठी हात वर गेला की किटलीच हाताला लागायची.

हे आठवायला मला वयाची सत्तेचाळीस वर्षं लागली. आरोग्य केंद्रात सहज म्हणून बीपी बघितलं, ते १५४/९८ निघालं. त्याआधी पाच पाडव्यांना मी फिरायला जायचा संकल्प केला होता आणि पाचही वेळा तो अक्षय्य तृतीयेपर्यंत पोचला नव्हता. माझं मन कच्चं आहे अशी माझी समजूत होती. खरं तर किटली टांगायला खुंटीच नव्हती. तेव्हापासून गेल्या दोन वर्षांत जे जमलं आणि जे फसलं, ते क्रमानं सांगते. मी डॉक्टर नाही. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच घ्यायच्या आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

आधी मोजून घ्या

तीस वर्षं ओलांडलेल्या कोणालाही सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी आणि साखर फुकट तपासून मिळते. जिना चढून धापा टाकत खुर्चीत बसलात आणि लगेच पट्टा बांधला तर आकडा चढाच येणार. अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसावं. हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवावा, पट्टा बाहीवरून नको, उघड्या दंडाला हवा. मोजताना बोलायचं नाही. आमच्याकडं हेच अवघड, कारण शेजारच्या बाकावर ओळखीचं माणूस असतंच! एकदा १४०/९० च्या वर आलं म्हणजे लगेच बीपीचा शिक्का बसला असं नाही. वेगवेगळ्या दिवशी परत बघतात, मग डॉक्टर ठरवतात.

सीमाभागातल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. गोळ्यांच्या पाकिटावर बऱ्याचदा कन्नडमध्ये लिहून देतात. ‘बेळिग्गे’ म्हणजे सकाळी. ‘ऊटक्के मुंचे’ म्हणजे जेवणाआधी, ‘ऊटद नंतर’ म्हणजे जेवणानंतर. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कन्नड वाचता येत नसेल तर पाकिटावर आपल्या हातानं मराठीत लिहून ठेवा. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी महिनाभर जेवणाआधीची गोळी जेवणानंतर घेतली होती, आणि विचारायला लाजले म्हणून कोणाला कळलंही नाही.

खुंटी शोधा

एक कागद घ्या. उठल्यापासून झोपेपर्यंत ज्या गोष्टी न चुकता होतात, फक्त त्याच लिहा. व्हायला हव्यात अशा नकोत. माझ्या कागदावर आल्या त्या अशा: चहाचं आधण, तुळशीला पाणी, धाकट्याचा डबा, दुपारची भांडी, संध्याकाळचा दिवा, रात्री मागच्या दाराला कडी. नळाचं पाणीही मी लिहिलं होतं, मग खोडलं. चोवीस तास पाणी येणाऱ्या वॉर्डात तुम्ही राहत असाल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडं ते काही दिवसांआड येतं, आणि जे स्वतःच रोज येत नाही त्यावर रोजची सवय काय टांगणार?

आता प्रत्येक खुंटीला एकच गोष्ट अडकवायची, तीही दोन मिनिटांत होणारी. वाक्य असं करायचं: अमुक झालं की तमुक. ‘आधण ठेवलं की बीपीची गोळी.’ ‘दिवा लावला की दोन मिनिटं अंगणात फेऱ्या.’ ‘रोज व्यायाम करीन’ हे वाक्य ऐकायला चांगलं वाटतं, पण ते कधी आणि कुठं हे त्यात नाही, म्हणून ते हवेत लोंबकळत राहतं.

सगळ्या खुंट्या पहिल्याच दिवशी भरायच्या नाहीत. मी भरल्या होत्या. आठव्या दिवशी सगळं खाली.

चालणं, आणि आपला पाऊस

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग. दिवसाला अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. तो अर्धा तास सलग हवा असंही नाही, तुकड्यातुकड्यानं चालतो. येळ्ळूर-वडगावच्या शिवारात दिवसभर वाकून भाताची रोपं लावणाऱ्या बाईला हे सांगायला जाऊ नका, ती हसेल. हा हिशेब खुर्चीवर आणि गाडीवर बसणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी आहे.

टिळकवाडीत राहणाऱ्यांचं बरं आहे, व्हॅक्सिन डेपोची झाडी आणि मोकळी हवा त्यांच्या उंबऱ्याशी आहे. किल्ल्याच्या तळ्याकाठीही सकाळी चालणारे भरपूर. पण तिथपर्यंत गाडीवरून जावं लागत असेल तर ते ‘उद्यापासून’ होतं. मी सोपा मार्ग काढला. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी साध्या बसचं तिकीट पडत नाही. मग घराच्या एक स्टॉप अलीकडं उतरायला काय जातंय? पैसे बुडाले अशी चुटपुटही लागत नाही. उतरून घरापर्यंत माझी बारा मिनिटं होतात. इथं बसमधून उतरणं हीच खुंटी.

खरी परीक्षा जूनमध्ये. घाटमाथ्याजवळचा आपला पाऊस काही विचारून येत नाही. कणकुंबीकडं तर तो मुक्कामालाच येतो. बेळगावातही दोन-दोन आठवडे ऊन दिसत नाही, आणि उन्हाळ्यात लावलेली चालायची सवय आगोटीला वाहून जाते. म्हणून पावसाळ्याचा पर्याय मे महिन्यातच ठरवून ठेवा. माझा पर्याय असा: बाहेर जाता आलं नाही तर त्याच वेळेला सोप्यात सूर्यनमस्कार, सुरुवातीला चार, आता बारा. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठबस करावी. वेळ मात्र तीच ठेवायची. प्रकार बदलला तरी दिवसातली जागा बदलली नाही, म्हणून ऑक्टोबरात मला नव्यानं सुरुवात करावी लागली नाही.

मिठाच्या पिशवीचा हिशेब

चमचे मोजत बसू नका. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत असावं असं सांगतात, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, सगळं धरून. घरात चार माणसं असतील तर महिन्याला ६०० ग्रॅम. आता तुमची एक किलोची पिशवी किती दिवस पुरते ते बघा. महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर जातंय, आणि बेकरीची खारी, शेव-चिवडा, बाहेरची भजी यांतलं मीठ त्यात धरलेलंच नाही. पिशवी फोडली की तिच्यावर पेनानं तारीख घाला. एवढंच. आमची २६ दिवसांत संपत होती, आता ४० दिवस जाते.

कमी केलं कुठं? भाकरीच्या पिठात मीठ घालायचं बंद केलं, ज्वारीच्या भाकरीला त्याची गरज नाहीच. ताकातलं बंद केलं, जिरेपूड आणि कोथिंबीर टाकली. लोणच्याची बरणी ताटाशेजारून फळीवर गेली. शेंगाचटणी मात्र सोडली नाही, तिच्यात लसूण वाढवला आणि मीठ निम्मं केलं. पहिले पंधरा दिवस सगळे ‘आळणी आळणी’ करत होते, मग जिभेला सवय झाली. बाजारात मिळणारं ‘कमी सोडियम’चं मीठ घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना किंवा बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते बाधू शकतं.

बेळगावच्या कुंद्याबद्दल, म्हणजे आमच्या दुधाच्या मिठाईबद्दल, विचारणार असाल तर, पाहुणे आले की खाते. पाहुणे रोज येत नाहीत.

मिश्री

यावर जरा थांबते, कारण सवयींबद्दल बोलताना लोक बिडी-सिगारेटवर बोलतात आणि घरातल्या बायकांच्या मिश्रीला विसरतात. तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखू, दात घासायच्या निमित्तानं दिवसातून चार-पाच वेळा हिरड्यांना. ‘मी काय तंबाखू खात नाही, दात घासते’ असं म्हणणाऱ्या किती जणी मी बघितल्यात. तंबाखू तीच, निकोटिन तेच आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोकाही तोच. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू हा पोटापाण्याचा विषय. १९८१ चं शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन तिथं तंबाखूच्या भावासाठीच झालं. त्यामुळं ‘सोडा ते घाण’ म्हणून चालत नाही. माणसं दुखावतात आणि डबी लपवायला लागतात.

माझ्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या. पहिल्यांदा मी डबी फेकली. तीन दिवस अबोला, चौथ्या दिवशी नवी डबी. मग शहाणपण आलं. ‘आत्या, किती वेळा लावता ते नुसतं फुली मारून ठेवूया काय?’ म्हटलं. त्या तयार झाल्या. आठवड्यानं दिसलं की पाच वेळांपैकी तीन वेळा मिश्री ही दुसऱ्या कशाच्या तरी मागून येते: सकाळी उठल्यावर, दुपारच्या चहानंतर, भांडी घासून झाल्यावर. म्हणजे तीही खुंटीलाच टांगलेली होती! खुंटी काही काढता येत नाही, चहा कोण सोडणार? पण खुंटीवरची वस्तू बदलता येते. तसल्याच डबीत भाजलेली बडीशेप आणि लवंग भरून ठेवली, चहा झाला की ती. हाताला डबी उघडायची सवय, तोंडाला काहीतरी चव. दोन्ही भागलं.

सोडताना पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत हे बरंच ओसरतं. तेवढा काळ घरातल्यांनी ऐकून घ्यावं. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, नंबर १८००-११२-३५६.

माळ काय करते

खानापूर-बेळगावकडच्या गावांत एखादा पक्का दारू पिणारा माणूस माळ घालतो आणि पंचवीस वर्षांची बाटली सुटते, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. देवाची कृपा म्हणा. पण त्यात आणखीही काही आहे. त्या दिवसापासून तो ‘दारू सोडायचा प्रयत्न करणारा’ नसतो, माळकरी असतो. गळ्यात खूण असते, गावाला माहीत असतं, आणि संध्याकाळी गुत्त्यावर जायच्या वेळेला त्याला हरिपाठाला बसायला दुसरी माणसं मिळतात. नवं नाव, दिसणारी खूण, सोबत. हे तीन आपल्या सवयीला देता आले तर बघा. मी शेजारच्या वैनींना बरोबर घेतलं. मी नाही गेले तर त्या दारात उभ्या असतात, मग जावंच लागतं.

चुकलं तर

‘एकवीस दिवस केलं की सवय लागते’ हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला लावून बघितलं, ते २०१० मध्ये छापून आलं. गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाचं १८ दिवसांत जमलं, तर कोणाला हिशेबानं २५४ दिवस लागतील असं दिसलं. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर बसते, व्यायामाला वेळ लागतो. एखादा दिवस चुकला तर त्यात फारसं काही बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. लग्नसराई, यात्रा, घरातलं आजारपण, दिवस चुकणारच. दुसऱ्या दिवशी खुंटी जागेवरच असते.

झोपेचं थोडक्यात: फोनचा चार्जर निजायच्या खोलीतून काढून सोप्यात लावा. रात्री कडी घातली की फोन तिथं. गजर लावायला जुनं घड्याळ चालतं. सात तास तरी झोप हवी.

आणि दोन-दोन आठवडे काहीच करू वाटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, रडू येत असेल, तर त्याला आळस म्हणून स्वतःला रागवत बसू नका. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरावर कधीही फुकट बोलता येतं. भाषा निवडता येते.

एकादशीला वही

रोज हिशेब ठेवायला कंटाळा येतो, वर्षातून एकदा ठेवला तर विसरायला होतं. आपल्याकडं पंधरा दिवसांचं माप आयतंच आहे. कालनिर्णयावर एकादशी बघायची आणि त्या दिवशी वही उघडायची. बीपी किती, मिठाच्या पिशवीची तारीख काय, किती दिवस चाललो. कुठली खुंटी फुकट गेली असेल तर ती बदलायची. चार-साडेचार एकादश्या गेल्या की ते ६६ दिवस भरतात. उपासाला मात्र ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ करू नका. तुपातली साबुदाणा खिचडी, वर बटाट्याचे वेफर, हा काही पोटाला आराम नव्हे. वरी, ताक, भाजलेलं रताळं पुष्कळ झालं.

आमच्या वहीत आता दोन रकाने आहेत. माझं बीपी गोळीसकट १२८/८२ वर आलंय. शेजारच्या रकान्यात सासूबाईंच्या फुल्या असतात. दिवसाच्या पाच होत्या, आता एक, सकाळी उठल्याबरोबरची. ती काही सुटत नाही. मागच्या एकादशीला मी काहीच बोलले नाही, तर त्याच म्हणाल्या, ‘बघूया की पुढच्या एकादशीला.’