पिन खाडीपलीकडे, पाव्हणे जयगडला

आमचं घर तवसाळला, नकाशावरची पिन मात्र खाडीपलीकडे जयगडला. पाव्हणे रात्री तिथल्या जेटीवरून फोन करायचे, "काका, घर दिसत नाही!" शेवटची फेरीबोट गेलेली असली की संपलंच. चूक माझीच. घराची नोंद केली ती जयगडला बोटीची वाट बघत. फोनने तिथलंच ठिकाण उचललं.

दुरुस्तीला आधी माडांखाली उभा राहिलो, तर निळा ठिपका विहिरीपासून गोठ्यापर्यंत नाचतोय. मग उघड्या खळ्यात आलो, ठिपक्याभोवतीचं वर्तुळ आक्रसेपर्यंत थांबलो, उपग्रह-चित्रात आमची कौलं ओळखून पिन ओढली. दोन दिवसांत बदल दिसला.

शिवाय टपाल खात्याने २०२५ साली आणलेला डिजिपिन, म्हणजे जागेचा डिजिटल पत्ता, काढला: दहा अक्षर-अंकांत साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचा चौकोन. तो फाटकावर रंगवून घेतला. रंगाऱ्याने एक अक्षर चुकवलंच, ते खरवडून काढलं.