वर्मसाठी कास्टिंग रॉड: शंभर-दीडशे डॉलरमध्ये काय बघायचं

मी चिपळूणची. बाबांबरोबर वाशिष्ठीवर गरवायला जायचे तेव्हा सामान म्हणजे बांबूची काठी, तंगूस, गरी आणि करवंटीत ओल्या मातीत ठेवलेली गांडुळं. काठी निवडायची म्हणजे परसातल्या बेटातला सरळ दिसेल तो बांबू तोडायचा. टेक्सासला आल्यावर पहिल्यांदा दुकानातली रॉडची भिंत बघितली आणि चक्रावले. गांडुळं इथे प्लास्टिकची, पाकिटात, जांभळी आणि कलिंगडाच्या सालीच्या रंगाची. यांनाच इथे वर्म म्हणतात. मासा कुठला, तर बास. आई अजून फोनवर विचारते, "मिळाला का बास? मग आता बास कर."

पहिला रॉड मी चुकीचा घेतला. दुकानातल्या माणसाने माझ्याकडे एकदा बघितलं, बाईमाणूस, उंची पाच फूट दोन इंच, आणि मीडियम पॉवरचा एक लवचीक रॉड काढून दिला. "हा तुम्हाला सोपा जाईल." फेकायला खरंच सोपा होता. एप्रिलमध्ये तो घेऊन लेक फोर्कला गेले. डॅलसच्या पूर्वेला दीडेक तासावर असलेलं हे धरण. बुडालेल्या झाडांची खोडं पाण्यात अजून उभी आहेत. टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, १९९२ साली इथेच मिळाला. त्या सकाळी माशाने चार वेळा माझा वर्म उचलला, चारही वेळा मी ओढलं, आणि चारही वेळा हुकावर गोळा झालेला वर्मच तेवढा परत आला.

असं का झालं ते कळलं की रॉडची अर्धी निवड झाली. वर्म बहुतेक वेळा टेक्सास रिगवर लावतात. पुढे बंदुकीच्या गोळीसारखं शिसं, मागे ऑफसेट हुक, म्हणजे मानेत दुमडलेली गरी, आणि हुकाचं टोक प्लास्टिकच्या आतच लपवलेलं, म्हणजे खोडात किंवा शेवाळात अडकत नाही. पण मासा लागला की त्या टोकाला आधी प्लास्टिक फोडायचं असतं आणि मग माशाचा टणक जबडा. माझा रॉड अर्ध्यापर्यंत वाकायचा आणि मी दिलेला झटका त्या वाकण्यातच मुरून जायचा. शिवाय बास हा स्वभावाने आपला मरळच. आडोशाला दबा धरून बसतो आणि तोंडात काही आलं की पुन्हा आडोशात घुसतो. त्याला पहिल्या दोन-तीन सेकंदांत खोडापासून लांब ओढणं हे रॉडचं काम.

म्हणून पॉवर मीडियम-हेवी आणि अॅक्शन फास्ट. हे दोन शब्द लोक एकच समजतात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. अॅक्शन म्हणजे तो कुठे वाकतो ते. फास्ट रॉड वरच्या तिसऱ्या भागात वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. टोकाला कळतं, बुडख्याला ओढता येतं. जोर जास्त हवा म्हणून थेट एक्स्ट्रा-हेवी घेऊ नका. पाव औंसाचं शिसं तो फेकतच नाही, कारण एवढ्याशा वजनाने तो वाकत नाही आणि न वाकलेला रॉड कशाला काही उडवेल! हुक पटकन बसण्याचं आणखी एक कारण आहे. लवकर बसला तर ओठात बसतो, उशिरा बसला तर घशात. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास परत पाण्यात सोडावाच लागतो, आणि घशात हुक रुतलेला मासा सोडणं हे पुष्कळदा मारून सोडल्यासारखंच.

रॉडच्या बुडख्याजवळ बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. चष्मा न्या. साधारण असं हवं: ७ फूट, मीडियम-हेवी, फास्ट, लाइन १२ ते २० पौंड, लुअर (म्हणजे फेकायचं नकली आमिष) १/४ ते ३/४ किंवा १ औंस. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. या हिशेबात नुसतं शिसं धरू नका, वर्मचंही वजन धरा. पाच इंची सेंको (काडीसारखा सरळ, जाड वर्म) मीठ भरलेला असल्यामुळे शिसं न लावताही दहाएक ग्रॅम भरतो. कंपन्यांचे सांकेतिक आकडेही वाचता येतात. डॉबिन्सचा ७०३सी म्हणजे ७ फूट ० इंच, ३ नंबरची पॉवर, सी म्हणजे कास्टिंग. सेंट क्रॉयच्या नावात शेवटी ७०एमएचएफ दिसलं तर सात फूट, मीडियम-हेवी, फास्ट. आणि कास्टिंग म्हणजे रील वर बसणारा, खाली बोट अडकवायला ट्रिगर असलेला रॉड. रील खाली लटकतो तो स्पिनिंग, तो निराळा.

लांबी सात फूट पुरे. पुष्कळदा झाडांखालून, किनाऱ्यावरूनच गरवणार असाल तर साडेसहा. एकसंध सात फुटी रॉड माझ्या कॅमरीत पुढच्या सीटच्या पायाशी टोक ठेवून तिरका मावतो.

आता खरी परीक्षा, आणि ती कागदावर होत नाही. वर्म तळावरून सरपटवायचा असतो. रॉडचं टोक घड्याळातल्या दहाच्या काट्याइतकं वर धरून तुम्ही तासन्‌तास उभे असता आणि हाताला येणारी एक हलकी 'टक' शोधत असता. कधी टकही नसते, नुसता वजनाचा भास, ओल्या फडक्यासारखा. म्हणून मी दुकानात माझा स्वतःचा रील घेऊन जाते. पहिल्यांदा लाज वाटली, आता वाटत नाही. रील बसवायचा, टोक वर करायचं आणि दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. रॉड टोकाकडे जड असेल तर दीड मिनिटातच मनगट सांगतं. नुसत्या रॉडचं वजन बघून फसू नका. साडेचार औंसाचा टोकजड रॉड पाच औंसांच्या तोललेल्या रॉडपेक्षा जास्त दमवतो. मग रीलच्या जरा पुढे, ट्रिगरजवळ एका बोटावर तोलून बघा. जवळजवळ आडवा राहिला तर उत्तम.

त्यानंतर मूठ. ट्रिगर माझ्या दोन बोटांमध्ये नीट बसतो का, आणि तर्जनी उघड्या ब्लँकला, म्हणजे रॉडच्या मूळ कार्बनच्या दांड्याला, टेकते का? ती 'टक' तिथूनच कळते. मागचा दांडा रीलपासून नऊ-दहा इंच पुरतो. माझ्या उंचीच्या माणसाला त्याहून लांब दांडा दर वेळी बरगडीत लागतो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, दोन दिवसांच्या निळ्या डागांनी सांगितलं. कॉर्क की फोम, यावर लोक तावातावाने भांडतात. मी कॉर्क घेते, कारण त्याचा स्पर्श आवडतो. एवढंच.

गाइड म्हणजे तंगूस जाते त्या कड्या. एक डोळा मिटून बुडख्याकडून बघा, सगळ्या एका रेषेत हव्यात. सात फुटांच्या रॉडला टोकाची धरून नऊ-दहा असाव्यात. दुकानात कान साफ करायची कापसाची काडी घेऊन जा आणि प्रत्येक कडीत फिरवा. तंतू अडकला तर आतली रिंग तडकलेली आहे. दुकानदार बघत राहील, बघू दे.

ब्लँकवर आयएम६, आयएम८ असं ठळक लिहिलेलं असतं. मुळात ती एका उत्पादकाच्या कार्बन धाग्याची नावं. सगळ्या कंपन्यांना बांधून ठेवणारी मोजपट्टी नाही. एकाचा आयएम८ दुसऱ्याच्या आयएम७ पेक्षा बरा असेलच असं नाही. मॉड्युलस, म्हणजे धाग्याचा ताठपणा, जास्त तेवढा रॉड हलका आणि संवेदनशील, पण ठिसूळही. माझा एक चांगला रॉड माशाने नाही, डिकीच्या झाकणाने मोडला. आणि हो, कार्बनमधून वीज वाहते. वसंतात टेक्सासचं आभाळ भरून आलं की रॉड आडवा ठेवून किनारा गाठा.

शंभर ते दीडशे डॉलरच्या आसपास फाल्कनचा बुकू, डॉबिन्सचा फ्युरी आणि सेंट क्रॉयचा मोजो बास असे रॉड मिळतात. शेवटचा जरा वर जातो. माझ्याकडे आज फ्युरी आहे, कारण त्या दिवशी दोन मिनिटांत मनगट गप्प राहिलं ते त्याच्याबरोबर. तुमचं मनगट दुसरं काही म्हणेल. चाळीस डॉलरचा रॉड मासा पकडत नाही असं नाही. पण तो टोकाला जड असतो आणि हलकी टक गिळून टाकतो. तीनशेच्या रॉडचा फरक मला कळतो, माझ्या माशांना कळत नाही. उरलेले पैसे १५ पौंडी फ्लुओरोकार्बनच्या लाइनवर आणि टंगस्टनच्या वजनांवर घाला. टंगस्टन शिशापेक्षा कठीण असतं, म्हणून दगडावर घासलं की हाताला स्पष्ट कळतं. रील सातास एकच्या आसपास गिअरचा हवा (हँडलच्या एका फेऱ्यात चकरी सात वेळा फिरते), ढिली लाइन झटपट गोळा करायला. त्याचा ब्रेक शिकेपर्यंत गुंतवळ होणारच, कात्री जवळ ठेवा.

वर्मचा शोधही फार लांबचा नाही. ओहायोतल्या अॅक्रनमध्ये निक आणि कॉस्मा क्रीम या नवराबायकोने १९४९ साली स्वयंपाकघरात प्लास्टिक वितळवून ते केले, आणि पुढे धंदा टेक्सासमधल्या टायलरला आणला. लेक फोर्कहून टायलर तासाभरावर. पहिल्यांदाच जाणार असाल तर मात्र थेट फोर्कवर जाऊ नका. टेक्सासच्या स्टेट पार्कांमध्ये किनाऱ्यावरून गरवायला लायसन्स लागत नाही; डॅलसहून पर्टिस क्रीक बरं पडतं. इतरत्र सतरा वर्षं पूर्ण झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला लायसन्स लागतं.

त्याच्याही आधी, रॉड घरी आला की ड्राइव्हवेवर एक काम करा. हुक न लावता नुसतं वजन आणि वर्म बांधा, वीस पावलं लांब फेका, डोळे मिटा आणि हळूहळू ओढा. काँक्रीट, मग खडी, मग गवत. तिन्हींचा हाताला येणारा निरोप वेगळा असतो; तो पाठ झाला की तळाचं चित्र दिसायला लागतं. शेजारची मांजर वर्मवर झडप घालेल. घालू द्या, मासा वर्म उचलतो तेव्हा जवळजवळ तसंच लागतं.