शेजारचा कोंबडा पहाटे ४ वाजता आरवतो? खुराडा बदलून बघा

नाशिकच्या सिडको किंवा पंचवटीत भिंतीला भिंत लागून घरं. शेजारच्या कोंबड्याने पहाटे ४ ला बांग दिली की झोपेचं खोबरं. तक्रार करण्याआधी शेजाऱ्यांना हे सुचवा:

१. आरवताना कोंबडा मान वर ताणतो. रात्रीपुरता असा लाकडी खोका घ्या, की तो सरळ उभा राहिला तर डोक्यावर दोन-तीन बोटंच जागा उरेल. पत्र्याचा नको, आवाज घुमतो.

२. खोका तुमच्या भिंतीपासून लांब, दार उलट दिशेला.

३. तिन्हीसांजेला आत, वरून दुहेरी गोणपाट. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेडही आत जाता कामा नये. सकाळी ७ ला सोडा.

बांग पूर्ण थांबत नाही, पण उशिरा आणि दबक्या आवाजात येते. कोंबड्या फक्त अंड्यांसाठी असतील तर कोंबडा लागतच नाही. त्याच्याविनाही त्या अंडी घालतात, फक्त पिल्लं निघत नाहीत. (हे पटवायलाच जास्त वेळ लागतो.)

सावधान: खाली दोन्ही बाजूंना हवेची भोकं ठेवा, ती गोणपाटाखाली झाकू नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात बंद खोक्यात कोंबडा गुदमरून मरतो.