गुबगुबीत देवनागरी अक्षर काढू पाहणाऱ्यांसाठी

देवनागरी अक्षररचनेकडे नव्याने वळणाऱ्यांना ठसठशीत, गोलाईचे शीर्षकाक्षर सर्वांत सोपे वाटते, कारण त्यात बारीक रेषांचा नाजूकपणा सांभाळावा लागत नाही, असे वरवर दिसते. हा समज सुरुवातीलाच सोडून द्यावा. मला या कामात सर्वाधिक काळ रोखून धरले ते अशाच अक्षरांनी.

लॅटिन लिपीत या प्रकाराची परंपरा जुनी आहे. ऑस्वाल्ड कूपर यांचे ‘कूपर ब्लॅक’ हे जाड, गोलाईचे अक्षर १९२२ मधले आहे. देवनागरीत मात्र शिरोरेषाच उंचीतला मोठा वाटा घेते आणि उरलेल्या जागेत गाठ, पोट, तिरकी रेघ, शिवाय जोडाक्षराचा दुसरा मजला बसवायचा असतो. म्हणूनच बारीक फॉन्टभोवती सॉफ्टवेअरमधून जाड कडा चढवण्याची जी युक्ती सर्रास शिकवली जाते, ती इथे अक्षराचा जीव घेते, कारण कडा बाहेर वाढते तेवढीच आतही वाढते. ‘ब’ आणि ‘व’ यांना वेगळे ठेवते ती पोटातली एक तिरकी रेघ; पोट भरले की दोन्ही सारखेच काळे गोळे होतात. ‘ष’ आणि ‘प’ यांचेही तेच. ‘भ’च्या डोक्यावरची शिरोरेषेतली फट बुजली, तर ‘भरण’ वाचणाऱ्याला ‘मरण’ दिसू शकते, आणि मजकूर दुकानाच्या पाटीवरचा असेल तर हे परवडत नाही.

यावर उपाय आहे आणि तो सरावाने साधतो. आतली फट आधी आखावी, मग तिच्याभोवती काळेपणा वाढवावा. दांड्याला आणि बाहेरच्या वळणाला पूर्ण जाडी द्यावी. गाठ, मात्रा आणि जोडाक्षराचा खालचा भाग यांना कमी. ‘षष्ठी’, ‘घबाड’, ‘कर्तृत्व’, ‘ऱ्हस्व’ हे शब्द रोज लिहून पाहावेत. केवळ ‘कमल’ लिहून समाधान मानू नये.

अभ्यासासाठी ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट समोर ठेवावा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी त्यात जाडी इतकी ताणली आहे की आतल्या पोकळ्या केवळ चिरांसारख्या उरतात, तरीही अक्षर ओळखू येते. त्या चिरा कुठे वळतात आणि कुठे थांबतात, हे कागद ठेवून गिरवावे. त्याच संस्थेचा ‘बलू’ तुलनेने मोकळा आहे; त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत पाच जाड्या मिळतात, त्यामुळे तो उपशीर्षकालाही चालतो.

‘मोदक’ बालपुस्तकाचे मुखपृष्ठ, मिठाईचा खोका, उत्सवाची कमान अशा ठिकाणी शोभतो, जिथे दोन-तीन शब्द मोठ्या आकारात आणि आनंदाने बोलायचे असतात. परिच्छेदाला, सूचनाफलकाला किंवा निधनवार्तेला तो कदापि लावू नये. हलक्या कागदावर शाई पसरून चिरा बुजतात, म्हणून छपाईपूर्वी त्याच कागदावर नमुना काढून घ्यावा. दोन ओळींचे शीर्षक असेल, तर वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीवर आदळतो का, तेही तपासावे.

मार्गदर्शक निवडताना, हातात पेन्सिल देऊन तुमच्या अक्षरातली पोकळी खोडून पुन्हा काढायला लावणारा निवडावा, असे माझे ठाम मत आहे. संगणकावरच्या झटपट क्लृप्त्या नंतर कोणीही शिकवतो. साधनांच्या खर्चाने मात्र दबून जाऊ नये: हे दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात, व्यावसायिक कामात वापरता येतात आणि उघडून त्यांचा प्रत्येक बिंदू तपासता येतो.