उघड्या धारेवरून शिखरमाथा गाठताना

दोन्ही बाजूंना दरी असलेल्या अरुंद कातळधारेवरून, पायांबरोबर हातांचाही आधार घेत उंच शिखर गाठणे हा पायी चढाई आणि दोराचे प्रस्तरारोहण यांच्यामधला प्रकार आहे. त्याला स्क्रँबलिंग म्हणतात. या वाटेला जाण्याआधी काठिण्य आणि दृष्टिभय, म्हणजे खालची दरी दिसल्याने वाटणारी भीती, या दोन गोष्टी मनात वेगळ्या करून घ्याव्यात. जमिनीपासून हातभर उंचीवर असती तर कोणीही बोलत बोलत ओलांडली असती अशी कातळाची पायरी दरीच्या तोंडाशी आली की भलेभले जागीच थिजतात. पायरी तीच असते, पण पाय चुकल्यास मोजावी लागणारी किंमत कैक पटींनी वाढलेली असते. वेल्समधील ९२३ मीटर उंचीची क्रिब गोख ही धार ब्रिटिश पद्धतीच्या १ ते ३ या श्रेणींपैकी सर्वांत सोप्या, म्हणजे श्रेणी १ मध्ये मोडते, आणि तरीही तिथे पडून माणसे दगावली आहेत. त्यामुळे केवळ श्रेणी पाहून धार निवडणे पुरेसे नाही. शिवाय या श्रेणी कोरडा कातळ आणि शांत हवा गृहीत धरून दिलेल्या असतात, हेही लक्षात ठेवावे.

तयारीचा पहिला भाग सपाटीजवळच करता येतो. जिथून पडल्यास फार तर खरचटेल अशा कातळटप्प्यांवर चढण्याचा आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उतरण्याचा सराव करावा. शिखर २,५०० मीटरहून उंच असेल तर विरळ हवेचा विचार आधीच करायला हवा. साधारण ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा संकेत पाळण्याजोगा आहे. डोकेदुखी आणि मळमळ घेऊन धारेवर जाणे मुळीच क्षम्य नाही, कारण उंचीचा त्रास वाढला की तो तोल आणि निर्णयशक्ती यांवर येतो आणि धारेवर नेमकी त्यांचीच गरज असते.

वेळेचा हिशेब करताना बहुतेकांची गफलत होते. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा, म्हणजे साधारण ५ किलोमीटर चालीस एक तास आणि दर ६०० मीटर चढाईस आणखी एक तास, पायथ्यापासून धारेपर्यंत उपयोगी पडतो. प्रत्यक्ष धारेवर तो सोडून द्यावा. तिथे एक किलोमीटरला दोन तासही लागू शकतात, आणि पुढे आधीच दोन गट खोळंबलेले असतील तर त्याहून अधिक. उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस होणाऱ्या पर्वतांत पहाटेपूर्वी निघून मध्यान्हापूर्वी माथा सोडावा.

हवामानात पावसाइतकाच वारा पाहावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि धारेवर व खिंडींत वारा आणखी जोर धरतो. पायथ्याशी टोपी उडत असेल तर वर उभे राहणे अवघड जाईल असे समजावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळते. हे अंतर १० किलोमीटरच्या आत आले तर शिखर कितीही जवळ असो, धार सोडून खाली उतरण्याला लागावे. केस उभे राहणे किंवा धातूच्या वस्तू गुणगुणू लागणे हा अखेरचा इशारा असतो.

साहित्य मोजकेच असावे. हेल्मेट, टोकाशी ताठ तळ असलेले आणि पायाला घट्ट बसणारे बूट, पाठीला चिकटून राहणारी लहान पिशवी, उबदार व पाणीरोधक थर, हेडलँप आणि शिटी एवढे पुरते. चालण्याच्या काठ्या धारेआधीच पिशवीत आडव्या नव्हे तर उभ्या बांधाव्यात, कारण आडवी काठी कातळात अडकून माणसाला बाहेर ढकलते. दोराबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. दोर कातळाला कसा गुंतवायचा हे न शिकता नुसते एकमेकांना बांधून घेणे म्हणजे एकाच्या पडण्यात दुसऱ्यालाही सामील करणे होय.

प्रत्यक्ष धारेवर दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी कातळावर टेकलेले असावेत आणि एका वेळी एकच हलवावा. वजन पायांनी उचलावे, हातांनी फक्त तोल सांभाळावा. नवखा माणूस घाबरून कातळाला छाती चिकटवतो. तसे केले की वजन तळव्यावरून सरकते, पाऊल दिसेनासे होते आणि बूट निसटतो. अंग थोडे दूर ठेवून टाच किंचित खाली सोडली की तळवा कातळ धरतो. प्रत्येक पकड वापरण्याआधी पारखावी. आधी दगडाच्या बुडाशी भेग किंवा ताजी माती दिसते का ते पाहावे, मग तळहाताच्या कडेने त्यावर ठोकावे. घट्ट दगडाचा आवाज बद्द आणि भरीव येतो, तर सुटा दगड पोकळ वाजतो आणि बोटांना बारीक थरथर जाणवते. शंका असेल तर तो बाहेर न ओढता खाली दाबून वापरावा, किंवा सरळ सोडून द्यावा. ओल्या कातळावरचे काळपट शेवाळ आणि पहाटेचा पारदर्शक बर्फाचा पापुद्रा हे दोन्ही दुरून दिसत नाहीत, म्हणून सावलीतल्या बाजूला पाऊल आधी हलकेच दाबून पाहावे.

धार फारच निमुळती झाली तर उभे राहून चालण्याचा अट्टहास नको. माथ्याची कड हातांनी धरून पाय एका अंगाच्या खाचांवर ठेवत सरकावे, नाहीतर घोड्यावर बसावे तसे बसून पुढे जावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

वाट शोधताना धारेचा कणा शक्यतो सोडू नये. बाजूने जाणारी पुसट पायवाट मोहात पाडते, पण ती बहुधा आधी कुणीतरी चुकून गेलेल्याची असते आणि घसाऱ्यात, म्हणजे सुट्या दगडांच्या उतारात, किंवा कड्यावर संपते. कोलोरॅडोमधील ४,३०० मीटरहून उंच कॅपिटल पीकवर 'नाइफ एज' नावाची धार प्रसिद्ध आहे. सर्वांच्या मनात धास्ती असते ती तिचीच. परंतु २०१७ च्या उन्हाळ्यात या शिखरावर जे पाच जण मृत्युमुखी पडले, त्यांच्यातील काही जण धार टाळून खाली जाण्याचा जवळचा मार्ग शोधताना गेले. वरून सोपी दिसणारी उतरण मध्येच उभ्या कड्यात तुटते आणि तोवर परतण्याची वाटही घसरडी झालेली असते. म्हणूनच जे उतरता येणार नाही ते चढू नये, आणि प्रत्येक अवघड टप्प्यानंतर मागे वळून तो वरून कसा दिसतो हे पाहून ठेवावे. माघारीची वेळ घरूनच ठरवलेली असावी. ती झाली की माथा शंभर मीटरवर असला तरी वळावे.

उतरताना उताराप्रमाणे अंगाची दिशा बदलावी लागते. सौम्य उतारावर दरीकडे तोंड, मध्यम उतारावर कातळाला एक कूस आणि तीव्र उतारावर कातळाकडे तोंड करून शिडीसारखे उतरावे. घळीत उतरताना एकमेकांच्या बरोबर खाली थांबू नये, आणि दगड सुटला तर तो लहान असला तरी मोठ्याने ओरडून सावध करावे. कोणी अडकलेच तर एका मिनिटात सहा वेळा शिटी वाजवून मिनिटभर थांबावे आणि पुन्हा तसेच करावे. मिनिटाला तीन शिट्या ऐकू आल्या तर मदतीची हाक पोहोचली असे समजावे. धार संपल्यावर घसारा लागतो आणि तिथे वरच्या गटांनी ढकललेले दगड येत राहतात, त्यामुळे तो पूर्ण पार होऊन मोकळ्या उतारावर येईपर्यंत हेल्मेट काढू नये.