मंडळात भरवा फ्लॉरेन्सची सिन्योरिया

इटलीतल्या मध्ययुगीन फ्लॉरेन्समधला नागरिक म्हणजे नेमका कोण, हे तिथल्या सिन्योरियाची, म्हणजे शहराचा कारभार पाहणाऱ्या समितीची, निवडणूक एकदा हाताने केली की नीट उमगतं. वडोदऱ्यात दांडिया बाजारासारख्या भागातल्या मराठी मंडळाचा हॉल, ४० माणसं आणि तीन तास एवढं पुरे.

सामान थोडं आहे. पाव किलो पांढरे वाल घ्या, निम्मे काळ्या शाईने वरवर रंगवून वाळवा. शाईत भिजत टाकू नका. दाणे फुगतात, बोटांना फरक कळतो आणि मत गुप्त राहत नाही. फ्लॉरेन्समध्ये मत दाण्यांनीच पडे : काळा म्हणजे होकार, पांढरा म्हणजे नकार. जाड कापडाच्या आठ पिशव्या शिवून घ्या.

खरी मेहनत ४० कार्डांची. शहराचे चार भाग : सान्तो स्पिरितो, सान्ता क्रोचे, सान्ता मारिया नोव्हेला, सान जोव्हान्नी. प्रत्येक भागात आठ कार्डं गिल्डवाल्यांची, म्हणजे गुजरातेतल्या महाजनांसारख्या धंदेवाईक संघांतल्या लोकांची. शहरात मोठे संघ ७ आणि छोटे १४ होते. आठांपैकी सहा कार्डं मोठ्यांची, दोन छोट्यांची ठेवा. प्रत्येकावर वय, घराणं, कर थकला आहे का आणि कोणत्या घराण्याशी वैर आहे ते लिहा. उरलेली आठ : चार लोकर-कामगार, चार सरदार घराण्यांतले. सरदारांना १२९३च्या ‘न्यायाच्या अध्यादेशां’नी सिन्योरियाबाहेर काढलं होतं, आणि कामगारांना स्वतःचा संघच नव्हता. या आठांना भिंतीकडेला बसवा. ते कंटाळतील, कंटाळू द्या. स्त्रियांना तिथे पद मिळतच नसे, त्यामुळे सगळी कार्डं पुरुषांचीच.

आता छाननी. एकेक कार्ड मोठ्याने वाचा. ३२ जणांनी प्रत्येकी एक काळा, एक पांढरा दाणा मुठीत घ्यायचा. मताचा दाणा पहिल्या पिशवीत, उरलेला दुसऱ्या पिशवीत. दोन-तृतीयांश, म्हणजे २२ काळे पडले की नाव पास. ३२ नावांना तासभर तरी जातो, पण घाई नको. बिनविरोध कार्यकारिणीची सवय असलेल्या मंडळात भिडेखातर सगळेच काळे दाणे टाकतात. कार्डावरचं वैर त्यासाठीच आहे. मोजणी दोघांनीच बाजूला बसून करायची आणि निकाल कोणालाही सांगायचा नाही. पास झालेल्यांच्या चिठ्ठ्या पिशव्यांत जातात, बाकीच्या फाडायच्या. सगळ्या व्यवस्थेची मेख इथे आहे. आपलं नाव पिशवीत आहे की नाही हे ठाऊक नसल्याने प्रत्येकाची आशा शिल्लक राहते आणि बाहेर राहिलेलाही व्यवस्थेशी इमान राखतो. मोजणाऱ्यांपैकी एकाने जरी डोळा मिचकावला, तरी पुढचा खेळ मेला म्हणून समजा.

चिठ्ठ्यांसाठी चार भागांच्या चार पिशव्या, छोट्या संघांची एक, आणि ४५ वर्षांवरच्या मोठ्या संघवाल्यांच्या जादा चिठ्ठ्यांची एक. या शेवटच्या पिशवीतून गोन्फालोनिएरे, म्हणजे प्रमुख, निघतो. आधी छोट्या संघांतले दोन काढा. ते ज्या भागांतले निघतील तिथले तेवढे कमी करून प्रत्येक भागाचे दोन, असे आठ प्रायर, म्हणजे सिन्योरियाचे सदस्य, पुरे करा. नाव आधी जाहीर वाचा, अडचण नंतर तपासा. कर थकलेला असेल तर चिठ्ठी फाडा. वय ३०च्या आत असेल, घराण्यातला कोणी आधीच निवडला गेला असेल किंवा माणूस नुकताच पदावर होता, तर चिठ्ठी परत टाका. क्रम उलटा केला तर मोठा मुद्दा निसटतो : नाव नुसतं निघणं हाही मान होता, आणि १४९४नंतर तर महासभेत बसण्याचा हक्क बाप, आजा किंवा पणजा यांचं नाव असं निघालं होतं का यावर ठरू लागला.

सिन्योरियाची मुदत दोन महिन्यांची. तुम्ही दहा मिनिटांची धरा आणि पुन्हा चिठ्ठ्या काढा. तिसऱ्या फेरीनंतर भिंतीकडच्या कामगारांना उठवा. १३७८मध्ये चोंपींनी, म्हणजे अशाच लोकर-कामगारांनी, बंड करून तीन नवे संघ मिळवले. त्यांतला सर्वांत खालच्या कामगारांचा काही आठवड्यांतच मोडला, उरलेले दोन १३८२मध्ये गेले. तुमच्या कामगारांना मागण्या मांडू द्या, बाकीच्यांना उत्तरं देऊ द्या.

शेवटची फेरी मेदिची या सावकार घराण्याची, आणि ती न सांगता करायची. मोजणाऱ्या दोघांनी प्रत्येक पिशवीत मोजकी, आपल्या मर्जीतलीच नावं ठेवावीत. १४३४नंतर असंच झालं : पिशव्या त्याच, चिठ्ठ्या त्याच, विधीही तोच. कोणाला किती उशिरा संशय येतो ते टिपून ठेवा आणि चर्चा तिथूनच सुरू करा. १४९८ ते १५१२ प्रजासत्ताकाचा सचिव राहिलेला माकियावेल्ली म्हणतो की रोमचं स्वातंत्र्य सामान्यजन आणि सेनेट यांच्या भांडणातून टिकलं. फ्लॉरेन्सचाच इतिहासकार ग्विच्चार्दिनी याला ते म्हणजे औषध चांगलं म्हणून रोगाची स्तुती केल्यासारखं वाटतं. माकियावेल्लीची बाजू भिंतीकडच्या आठांना द्या, ग्विच्चार्दिनीची मोठ्या संघवाल्यांना. वेळ कमी पडला तर छाननीतली आठ-दहा नावं गाळा, ही चर्चा गाळू नका.